रूगर ओल्ड आर्मी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा नाद का सुटत नाही?

लेथवाला (धागाकर्ता)

मंडळी, खरडवहीत दोघातिघांनी विचारलं होतं की अमेरिकेत राहून तू काडतूस न लागणारं रिव्हॉल्वर कशाला घेतलंस, आणि तेही बंद पडलेलं मॉडेल, जुन्या बाजारातून, नव्यापेक्षा जास्त पैसे मोजून. खरडीत उत्तर मावेना, म्हणून हा धागा. ज्यांना शस्त्रांचा विषय नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

आधी थोडी तोंडओळख. आपल्याकडची ठासणीची बंदूक आठवा. नळीच्या तोंडातून दारू, वर गोळी, गजाने ठासायचं, मागच्या खुंटावर तांब्याची टोपी. घोडा पडला की टोपी फुटते, जाळ आत जातो, बार उडतो. हेच सगळं एका फिरत्या सिलिंडरच्या सहा घरांत करायचं म्हणजे आपलं हे रिव्हॉल्वर. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. पुढे पितळी काडतूस रुळलं आणि १८७३ साली खुद्द कोल्ट कंपनीनेच काडतुसाचं रिव्हॉल्वर लष्कराला दिलं. तिथे विषय संपला. निदान संपायला हवा होता.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ साली, बिल रूगरच्या कंपनीने कोरी पाटी घेऊन टोपी-दारूचं नवं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. नाव ठेवलं ओल्ड आर्मी. जुन्या कुठल्याही रिव्हॉल्वरची ही नक्कल नव्हती. सांगाडा त्यांच्याच ब्लॅकहॉक या काडतुसाच्या रिव्हॉल्वरच्या घराण्यातला, म्हणजे मॅग्नम काडतुसं पचवणारा. एकोणिसाव्या शतकातल्या रिव्हॉल्वरांत पट्टीच्या स्प्रिंगा असायच्या, त्या हमखास तुटायच्या. इथे तारेच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा. नेम धरायची मागची माशी स्क्रूने वरखाली, डावीउजवी करता येते. खुंटांच्या मधे घोडा टेकवायला खाचा आहेत, त्यामुळे सहाही घरं भरून ठेवता येतात. पुढे स्टेनलेस स्टीलमध्येही आली. आणि २००८ साली बंद.

मी टूलरूममध्ये वाढलेला माणूस, त्यामुळे मला यातली एक गोष्ट फार आवडते. ओल्ड आर्मीचा गोळी घरात दाबणारा दट्ट्या, तो हलवणारा दांडा आणि सिलिंडरचा आस, हे तिन्ही भाग एकमेकांत अडकून एकत्र बाहेर येतात. एक स्क्रू थोडा फिरवायचा, दांडा खाली ओढायचा, सगळं हातात. मूळच्या कोल्टमध्ये यासाठी नळीतून आडवी पाचर ठोकून काढावी लागते. ज्याने कुणी हे डिझाइन केलं त्याने आधी जुनी रिव्हॉल्वरं स्वतः पुरेशी साफ केलेली असणार, त्याशिवाय ही बुद्धी होत नाही.

आता मुद्दा. लोक म्हणतात हा सगळा जुन्या काळाचा उमाळा आहे. मला पटत नाही. उमाळा असणाऱ्याने कोल्टच्या १८५१च्या रिव्हॉल्वरची नक्कल घ्यावी, ती दिसायलाही देखणी असते. ओल्ड आर्मी म्हणजे, काडतूस आलंच नसतं आणि टोपी-दारूच्या यंत्रावर आणखी शंभर वर्षं काम होत राहिलं असतं तर ते कुठवर पोचलं असतं, याचं उत्तर आहे. असं उत्तर शोधायची बाजाराला काहीच गरज नव्हती. एका कारखान्याला ते शोधावंसं वाटलं आणि छत्तीस वर्षं त्याने ते विकलं. ते बंद झाल्यावर त्या जागी दुसरं कुणीच काही आणलं नाही. नाद सुटत नाही तो यामुळे.

तुमचं काय म्हणणं?

शंकासुर

वाचतोय. पहिली शंका: इटलीहून नकला येतात त्या स्वस्त असतात ना? मग लोक जुन्या ओल्ड आर्मीच्या मागे का लागतात? दुसरी शंका: एकदा भरायला किती वेळ लागतो?

लेथवाला

शंकासुरराव, वेळेचं आधी. सावकाश भरलं तर सहा घरांना पाच-सात मिनिटं सहज जातात. घोडा अर्धा ओढायचा, म्हणजे सिलिंडर मोकळं फिरतं. प्रत्येक घरात मापाने दारू, वर तेल-मेणात भिजवलेली फेल्टची चकती, मग शिशाची गोल गोळी. गोळी घरापेक्षा किंचित मोठी हवी. ओल्ड आर्मीला ०.४५७ इंचाची लागते, ०.४४ इंची म्हणवणाऱ्या इटालियन नकलांना ०.४५१ किंवा ०.४५४. दट्ट्याने दाबली की घराच्या काठावर शिशाची बारीक कडी कापली जाते. कडी अखंड निघाली तर घर नीट बंद झालं असं समजायचं. टोप्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही रेंजवर, नळी समोर धरून.

सहा बार उडतात मिनिटभरात. मग धूर ओसरेपर्यंत थांबायचं, आणि परत पहिल्यापासून. संध्याकाळी घरी गरम साबणाचं पाणी, ब्रश, तेल. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषते, एक रात्र कंटाळा केला तर सकाळी गंज. घरच्यांना तो गंधकाचा वास सोसावा लागतो, हा या छंदाचा खरा खर्च.

नकला स्वस्त असतात हे खरं, आणि आजच्या नकला चांगल्याही असतात. इटलीतल्या ब्रेशियाच्या उत्तरेला गार्दोने वाल त्रोंपिया नावाचं गाव आहे. बंदुका बनवणारे बेरेट्टा तिथलेच, १५२६ पासूनचे. त्याच खोऱ्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फोर्जेट या अमेरिकन व्यापाऱ्याने कोल्टच्या १८५१च्या 'नेव्ही' मॉडेलच्या नकला करून घ्यायला सुरुवात केली. अल्दो उबेर्तीची कंपनी १९५९ची, पिएत्ता त्यानंतरची. आज नवी टोपी-दारूची रिव्हॉल्वरं बहुतेक याच दोघांची असतात. पण त्यांचा हेतू वेगळा आहे. त्यांना १८६० सालचं रिव्हॉल्वर १८६०सारखंच हवं असतं, त्याच्या दोषांसकट.

टेक्ससवाली

दोषांसकट म्हणूनच तर हवं! लेथवालादादा, तुमचं सगळं यंत्रशास्त्र मान्य, पण ओल्ड आर्मी हातात घेतली की मला कारखान्यातला पान्हा धरल्यासारखं वाटतं. माझ्याकडे कोल्टच्या वॉकर मॉडेलची नक्कल आहे. दोन किलोच्या वर वजन, एका हाताने धरून नेम धरणं म्हणजे मनगटाची परीक्षा. एकेका घरात साठ ग्रेनपर्यंत दारू जाते. बार उडाला की दट्ट्याचा दांडा धक्क्याने आपोआप खाली लोंबतो, तो हाताने परत वर ढकलायचा. १८४७ सालीही तो असाच लोंबायचा. तो दोष कोल्टने पुढच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये सुधारला.

आणि वॉकरला गोष्ट आहे. कोल्टचा पहिला कारखाना बुडाला होता. टेक्सस रेंजर सॅम्युअल वॉकरने सुधारणा सुचवल्या, सरकारकडून हजार नगांची ऑर्डर आणवली. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाच नव्हता, म्हणून कनेटिकटमध्ये एलाय व्हिटनीच्या मुलाच्या कारखान्यात ती बनवून घेतली. वॉकर त्याच वर्षी मेक्सिकोत वामांतलाच्या लढाईत मारला गेला. ओल्ड आर्मीला अशी एक तरी गोष्ट आहे का?

१८५१ नेव्हीचं सिलिंडर भिंगातून बघा कधी. मे १८४३ मधली काम्पेचेची आरमारी लढाई कोरलेली आहे, टेक्ससची गलबतं विरुद्ध मेक्सिकोची. कोरणारा वॉटरमन ऑर्म्सबी हा नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा माणूस होता. 'नेव्ही' हे नाव त्या चित्रावरून आलं, घेणारे बहुतेक जमिनीवरचेच. वाइल्ड बिल हिकॉक हस्तिदंती मुठीची दोन बाळगायचा. २१ जुलै १८६५ला मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात त्याने डेव्हिस टटला सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून छातीत गोळी घातली. तिथे मागची माशी म्हणजे घोड्याच्या डोक्यावरची एक खाच! स्क्रूबिक्रू काही नाही.

लेथवाला

टेक्ससवालीताई, पान्हा म्हणालात ते मी कौतुक समजून घेतो :)

गोष्ट मात्र एक आहे. १९७६ साली रूगरने बनवलेल्या प्रत्येक शस्त्रावर, ओल्ड आर्मीवरसुद्धा, 'अमेरिकन स्वातंत्र्याच्या २००व्या वर्षी बनवलेले' अशा अर्थाची ओळ ठोकलेली असते. संग्राहक ती ओळ बघून जास्त पैसे देतात. यंत्र तेच.

रंगीत खडू

या सगळ्यात 'खरी कोल्ट' कुठली मग? मध्ये कुठेतरी वाचलं की कोल्ट कंपनीनेच परत जुनी रिव्हॉल्वरं काढली होती.

लेथवाला

हा वाद उकरून काढलात, आता भोगा.

१९७१ पासून दहाएक वर्षं कोल्टने आपलीच जुनी मॉडेलं पुन्हा विकली. संग्राहक त्याला दुसरी पिढी म्हणतात. पहिली पिढी अर्थातच एकोणिसाव्या शतकातली. मग १९९४ ते २००२ या काळात तिसरी पिढी आली. ती ब्रुकलिनमधल्या एका वेगळ्या कंपनीने कोल्टच्या परवान्याने बनवली, मुठीच्या मागच्या पट्टीवर सॅम कोल्टची सही कोरलेली. दोन्ही पिढ्या आता बंद. दोन्हींसाठी कच्चे भाग इटलीतून यायचे आणि शेवटचं घासकाम, जोडणी, निळा रंग अमेरिकेत.

इथून भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो नाव कोल्टचं, म्हणजे कोल्ट. दुसरा म्हणतो कोल्टचं नाव ठोकलेली उबेर्ती. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी बघताहेत. रिव्हॉल्वर कुठल्या देशात ओतलं यापेक्षा त्याची जोडणी कुणी केली ते बघा. मी हाताळलेल्या दुसऱ्या पिढीच्या नगांत घोडा ओढताना सिलिंडर नेमकं जागेवर येऊन थांबतं, पुढेही जात नाही, मागेही राहत नाही. त्या काळच्या स्वस्त नकलांमध्ये हे नशिबावर असायचं. हे काम कानस हातात धरलेला माणूस करतो, शिक्का करत नाही.

लेस्टरकर

मी यूकेतून लिहितो. आमच्याकडे या सगळ्या रसिकतेच्या आधी कायदा येतो.

मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर १९९७ साली दोन कायदे करून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हँडगन जवळजवळ पूर्ण बंद झाल्या. पहिल्या कायद्यात मोठ्या कॅलिबरच्या, दुसऱ्यात पॉइंट टू-टू (०.२२ इंची) म्हणजे लहानसुद्धा. मात्र ठासणीची शस्त्रं वगळली. व्याख्या अशी आहे की नळीच्या किंवा घराच्या तोंडाकडून सुटी दारू आणि वेगळी गोळी घालून भरायचं शस्त्र. ते 'किंवा घराच्या' आहे ना, त्यामुळे टोपी-दारूचं रिव्हॉल्वर वाचलं. फायरआर्म सर्टिफिकेट लागतंच, पोलीस घरी येऊन कपाट तपासतात, पण क्लबमध्ये रिव्हॉल्वरने नेम मारायचा तर सर्वसाधारण माणसाला हाच रस्ता उरला.

म्हणून इथे ओल्ड आर्मीला जो मान आहे तो अमेरिकेत नसेल. मजबूत, स्टेनलेस, माशी जुळवता येणारी. ज्यांनी १९९७ साली आपली टार्गेट पिस्तुलं सरकारजमा केली, त्यातल्या कित्येकांनी तिच्याकडे मोर्चा वळवला. इथल्या काही गनस्मिथांनी तर तिच्यासाठी वेगळी सिलिंडरं बनवली, ज्यात शॉटगनची प्रायमर टोपी वापरून धूर न करणारी दारू चालते. भरायचं तरीही समोरूनच, म्हणजे कायद्याच्या चौकटीत. रूगरने बंद केल्यावर इथे हळहळ झाली ती रोमँटिक नव्हती हो. सुटे भाग कुठून आणायचे, हा प्रश्न होता.

लेथवाला, तुम्ही म्हणता काडतूस आलंच नसतं तर. आमच्याकडे कायद्याने काडतूस गेलं. तुमचा कल्पनेतला प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे.

लेथवाला

लेस्टरकर, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. माझ्या 'बाजाराला गरज नव्हती' या वाक्याला तुमच्या बेटावर अपवाद निघाला.

(खबरदारी: ते इंग्लंडातलं खास सिलिंडर सोडून कुठल्याही टोपीच्या रिव्हॉल्वरमध्ये धूर न करणारी आधुनिक दारू घालायची नाही. काळ्या दारूने घर काठोकाठ भरलं तरी ओल्ड आर्मी सहन करते. आधुनिक दारूचा दाब वेगळ्याच जातीचा असतो, हात जाईल.)

निवांत

माणसं मारायच्या यंत्राचं एवढं कौतुक वाचून बरं वाटलं नाही. डनब्लेनचा उल्लेख एका ओळीत येतो आणि लगेच स्टेनलेस स्टील. असो. तुमचा छंद तुम्हाला.

लेस्टरकर

निवांत, तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेतो. माझी मुलगी त्या वयाची होती तेव्हा, आणि तो कायदा झाला ते योग्यच झालं असं मी क्लबातही बोलतो. तिथे त्यावरून माझ्याशी अबोला धरलेले लोक आहेत.

ताम्रपट

इतिहासाची थोडी भर. लेथवालांच्या प्रस्तावनेत हिंदुस्थान आला नाही म्हणून.

एक: कोल्टने रिव्हॉल्वरचा पहिला लाकडी नमुना कोरला तो १८३०-३१च्या समुद्रप्रवासात, असं सांगतात. वय सोळा, जहाजाचं नाव 'कॉर्व्हो', आणि ते बोस्टनहून निघालं होतं कलकत्त्याला. लाकडी नमुना हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये आहे. जहाजाचं चाक फिरताना बघून कल्पना सुचली, ही गोष्ट मात्र चिमटीने घ्यावी. कोल्ट जाहिरातबाजीत उस्ताद होता. एलिशा कोलियरचं फिरत्या सिलिंडरचं चकमकीचं शस्त्र लंडनमध्ये १८१८ सालीच पेटंट झालेलं होतं.

दोन: १८५१च्या लंडन प्रदर्शनात कोल्टने आपली रिव्हॉल्वरं मांडली तेव्हा समोर रॉबर्ट ॲडम्स उभा होता. ॲडम्सचं रिव्हॉल्वर पाच बारांचं, पण नुसता चाप ओढला की घोडा आपणच मागे जाऊन पडायचा. कोल्टला दर वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागायचा, पण नेम जास्त चांगला. कोल्टने लंडनला पिम्लिकोत कारखानाही काढला, १८५३ ते ५६. चाळीस हजारांवर नेव्ही तिथे बनली. १८५६ साली लेफ्टनंट ब्यूमाँटने ॲडम्समध्ये दोन्ही सोयी एकत्र केल्या आणि ब्रिटिश लष्कराने ते उचललं. लगेच पुढच्या वर्षी १८५७. उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट, ॲडम्स, ट्रँटर असं सगळं होतं, कारण रिव्हॉल्वर अधिकारी स्वतःच्या पैशाने घेत. समोरच्या शिपायाच्या हातात एका बाराची बंदूक. या 'रसिकांच्या' वस्तूची ही बाजूही धाग्यात असू द्या, निवांत यांच्यासाठी.

तीन, आणि हे मला सगळ्यात रंजक वाटतं. काळ्या दारूतला मुख्य घटक सोरा. एकोणिसाव्या शतकात जगातला उत्तम सोरा बिहारमधून यायचा, नोनिया लोक खारवट माती खरवडून, धुऊन, आटवून तो काढत. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लिंकनच्या सरकारने द्यू पाँ घराण्यातल्या लॅमोटला गुपचूप इंग्लंडला पाठवलं. हाती लागेल तेवढा हिंदुस्थानी सोरा त्याने विकत घेतला. तेवढ्यात 'ट्रेंट' जहाजाचं प्रकरण होऊन इंग्लंड-अमेरिका युद्धाच्या काठावर आले आणि इंग्रजांनी तो माल अडवला. प्रकरण मिटल्यावरच तो सुटला. तुमच्या १८६०च्या कोल्टांतून जो धूर निघाला त्यात पाटण्याची माती होती.

रंगीत खडू

ताम्रपट, दंडवत. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

कोकणचो झील

ह्या सगळा वाचून माका माझो आजो आठवलो.

आमच्याकडे ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. आमच्या बाजूला अजून कित्येक घरांत आहे. वानर आणि डुकरं नुसत्या बारानेच पळायची, गोळीची गरज क्वचित. निवडणूक आली की सगळ्यांनी पोलीस ठाण्यात जमा करायची, मग आजो तेवढे दिवस चिडचिडा. ही बंदूक कुणी छंद म्हणून सांभाळत नाही हो, तरी तिची साफसफाई तो देवघरातल्या समईसारखी करायचा. तुम्ही लिहिलेलं साबणाचं गरम पाणी वाचून हसू आलं, आमच्याकडे चुलीवरचं पाणी, बाकी पद्धत तीच.

शंकासुर

मग भारतात हे टोपीचं रिव्हॉल्वर कायद्याने चालतं का? पुरातन वस्तू म्हणून?

काळाकोट

चालू अवस्थेत असेल तर नाही, परवाना लागतोच. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही शस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. वाड्यात पणजोबांचं काही सापडलं तर 'शोभेची वस्तू' म्हणून भिंतीवर टांगू नका. आधी ठाण्यात कळवा, मग पुढचं. वारसाने परवाना मागायची तरतूद आहे.

अमेरिकेत उलट आहे ना? १९६८च्या कायद्यात सुट्या दारूची नक्कल 'फायरआर्म'च धरत नाहीत असं ऐकलं.

लेथवाला

केंद्राच्या कायद्यात नाही धरत, म्हणून टपालाने घरपोच येतं. राज्यांचं वेगळं. न्यू जर्सीत धरतात. आणि इथेही या सोयीमुळे छंद वाढला हे मान्यच करायला हवं. लेस्टरकरांकडे बंदीने जगवलं, इकडे सवलतीने.

म्युनिककर

जर्मनीत एका बाराचं टोपीचं पिस्तूल अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही, पण सहा बारांच्या नकलेला परवाना. दारू विकत घ्यायला पुन्हा वेगळी परीक्षा.

मी रॉजर्स अँड स्पेन्सरवाला. ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत, पंचवीस मीटरवर, तेरा गोळ्यांतल्या उत्तम दहा धरतात. तिथे हे मॉडेल फार दिसतं, मूठ आणि नळीचा कोनच तसा आहे. मूळ पाच हजार नगांचं कंत्राट न्यूयॉर्क राज्यातल्या या कंपनीला मिळालं ते यादवीच्या अखेरीस, १८६५ मध्ये माल पोचेपर्यंत युद्ध संपलं. नग तसेच गोदामात पडले, १९०१ साली बॅनरमन नावाच्या भंगार-व्यापाऱ्याने घाऊक उचलले. म्हणून आजही मूळ नग कोरे करकरीत सापडतात. लढाईत न गेलेलं लष्करी रिव्हॉल्वर, आणि आज स्पर्धांत पुढे. माझ्या ओळखीतल्या कुणी ओल्ड आर्मीचं नावही घेत नाही, कारण त्या स्पर्धांत मूळ किंवा मुळाबरहुकूम नक्कलच लागते. लेथवालांची सुधारणा तिथे बाद!

टेक्ससवाली

हे बरं झालं =))

शंकासुर

एक भीतीची शंका. एक बार उडताना बाकीची घरंही पेटतात म्हणे?

टेक्ससवाली

साखळी-बार. होतो, क्वचित. गोळीवर ग्रीस फासायचं ते यासाठीच, समोरून जाळ शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून.

लेथवाला

मला समोरची कारणमीमांसा अर्धीच पटते. शिशाची कडी पूर्ण कापली गेली असेल तर समोरून जाळ जायला फटच नाही. सैल टोप्या निखळून पडतात आणि मागून जाळ जातो, हे मला जास्त संभवनीय वाटतं. म्हणून खुंटाच्या मापाची टोपी घ्या, चिमटून बसवलेली मोठी नको. ग्रीस लावायला हरकत नाही, राख मऊ राहते.

त्यापेक्षा रोजची कटकट म्हणजे फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडून सगळं अडकणं. उघड्या माथ्याच्या कोल्टमध्ये हे फार. रेमिंग्टन कंपनीच्या रिव्हॉल्वरला वरून पट्टी आहे, तिथे कमी. (अवांतर: तिला १८५८ म्हणतात ते नळीवरच्या पेटंटच्या तारखेमुळे, न्यू मॉडेल आर्मी प्रत्यक्षात १८६३ पासूनची.)

लेस्टरकर

टोप्या मिळाल्या तर अडकतील! करोनानंतर दोन वर्षं इथे टोप्यांचा दुष्काळ होता. अमेरिकेतही गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना बंद होणार अशी बातमी आली होती ना?

लेथवाला

हो, सप्टेंबर २०२१. लुइझियानातला मिंडेनचा कारखाना. मालक हॉजडन कंपनीने बंदची घोषणा केली आणि रेंजवर सुतक. पुढच्या वर्षी एस्टीस कंपनीने विकत घेतला. मुलांची खेळण्यातली रॉकेटं बनवणारी तीच, त्यांच्या इंजिनात काळी दारूच लागते. एरवी स्विस दारू आहे, ओबोनची, जास्त स्वच्छ जळते आणि खिसाही स्वच्छ करते.

रंगीत खडू

शेवटचं विचारते. इकडे ओहायोत माझ्या नवऱ्याला तुमचा धागा वाचून खाज सुटली आहे. जुनी ओल्ड आर्मी घ्यायची तर काय बघायचं? आणि पहिलं रिव्हॉल्वर हेच घ्यावं का?

लेथवाला

पहिलं हेच घेऊ नये. आधी पिएत्ताची रेमिंग्टन घ्या, पोलादी सांगाड्याची. पितळी नको, जास्त दारूने काही वर्षांत सांगाडा ताणला जातो. दक्षिणेच्या राज्यांनी यादवीत पितळ वापरलं ते पोलाद नव्हतं म्हणून. एक उन्हाळा साफसफाई करून कंटाळा आला नाही तर मग पुढचा विचार. जमलं तर जून किंवा सप्टेंबरमध्ये इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी या, राष्ट्रीय स्पर्धा असतात आणि शेजारी मोठा बाजार भरतो, हाताळून बघता येतं.

ओल्ड आर्मी बघताना आधी विकणाऱ्याची परवानगी घेऊन नळीतून उजेड बघा, आटे स्वच्छ दिसले पाहिजेत. मग सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घराच्या तळाशी टॉर्च मारा. आळशी मालक नळी पुसतो, घरांचे तळ विसरतो, गंजाचे खड्डे तिथेच मिळतात. खुंट सहाही निघतात का ते पाना लावून बघा. एखादा जाम असेल तर किंमत पाडा, दोन जाम असतील तर सोडून द्या. मूळ खुंटपाना, डबा आणि माहितीपत्रक असेल तर भाव वाढतो, पण नेमबाजीला त्याचा उपयोग नाही, तेवढ्या पैशात टोप्या घ्या. घोडा सावकाश ओढून सिलिंडर प्रत्येक घराला अडकतं का ते बघा. स्टेनलेस मिळाली तर निळ्यापेक्षा तीच.

आणि तुम्ही दोघं एकत्र भरायला बसणार असाल तर दारूचं माप एकाच्याच हातात ठेवा. गप्पांच्या नादात एका घरात दोनदा दारू किंवा एका घरात नुसतीच गोळी, हे दोन माणसं असली की होतं.